आमसुलं भिजली त्या वर्षी

माझ्या थोरल्या जावेला पाऊस कळायचा. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेच्या शेवटी कुणाला लग्नाचा मांडव घालायचा असे, कुणाचं घर शाकारायचं राहिलेलं असे, की आमच्या ओटीवर निरोप यायचा, "वहिनींना विचारा, दोन दिवस थांबेल का?" वहिनी हातातलं काम ठेवून अंगणात जायच्या. आधी पूर्वेला डोंगराकडे बघायच्या, मग वळून माडांच्या मधून दिसणाऱ्या समुद्राकडे, आणि मग सांगायच्या. ते बहुतेक खरं व्हायचं. एखाद्या वेळी चुकलंच तर "त्याचा विचार बदलला, मी काय करू?" म्हणून हसायच्या.

मीही त्यांना वहिनीच म्हणते. मी माणगावच्या बाजूची, भातशेतीवाल्या घरातली. माझ्या माहेरी पावसाची वाट बघत. अलिबाग आणि मुरूडच्या मधल्या या गावात लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच मे महिन्यात माझ्या लक्षात आलं की इथे पावसाला भितात. निदान जून लागेपर्यंत तरी. कारण मेमध्ये इथल्या प्रत्येक घराचं अर्धं घर बाहेर उन्हात असतं. आंब्याची साठं, फणसाची साठं, पापड, खाली कोळीवाड्यात सुकी मासळी, आणि आमच्याकडे आमसुलं.

आमच्या वाडीत नारळ-सुपारीच्या मधेमधे रातांब्याची अकरा झाडं आहेत. रातांबे पिकले की ते फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची आणि कडक उन्हात पसरायची. वाळली की परत रसात, परत उन्हात. या एकेका फेरीला पुट म्हणतात. अशी सहा-सात पुटं झाली की आमसूल काळंभोर होतं, मऊ राहतं आणि वर्षभर टिकतं. मधे एक जोराची सर आली तर सगळा रस धुऊन जातो.

पहिल्या वर्षी माझं नेमकं तसंच झालं. सासूबाई बोलल्या. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मला अंगणाच्या मध्यभागी नेऊन उभं केलं, खांद्याला धरून डोंगराकडे वळवलं आणि म्हणाल्या, "आता सांग, वारा कुठून येतोय?"

"समुद्राकडून."

"हा वारा आहे तोवर काळजी नाही. दुपारी हा अचानक पडला, पानसुद्धा हलेना झालं, आणि तिकडे डोंगरामागे काळं वर यायला लागलं, की दोन तास आहेत असं समज. दोन तासांत सगळं आत. तो येतो, गडगडतो, तासाभरात निघून जातो. दुसऱ्या दिवशी परत ऊन. त्याला घाबरायचं नाही, फक्त आवरून घ्यायचं."

"आणि जूनमधला?"

"तो समुद्राकडून येतो. त्याला आवाज नसतो. तो आला की मग मुक्कामच. पण त्याला वेळ असते. रोहिणी नक्षत्र जवळजवळ संपल्याशिवाय तो येत नाही. तोवर आपली आमसुलं बरणीत गेलेली असतात."

हे मी तीस वर्षांपूर्वी ऐकलं आणि त्यावर तीस वर्षं चालले. वहिनींनी मला आणखीही पुष्कळ शिकवलं. मीठ किती घालायचं, कुठल्या झाडाची सालं जाड म्हणून दुसऱ्या पुटाला जास्त वेळ ठेवायची, शेवटच्या पुटाला रस किती दाट लागतो. पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो एक जुलै. माझी मुलगी सात महिन्यांची होती. ताप उतरेना. गावाबाहेर ओढ्यावरच्या साकवावरून पाणी चाललेलं, एसटी बंद, नवरा अलिबागला अडकलेला. वहिनी पडवीत उभ्या राहून किती तरी वेळ समुद्राकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आता हा दीड तास उघडेल. चल." मी मुलीला घोंगडीत गुंडाळलं आणि त्यांच्यामागून निघाले. साकव पार करेपर्यंत पाऊस खरोखरच थांबला होता. डॉक्टरांच्या ओट्यावर पाय ठेवला आणि मागून परत सुरू झाला. त्या दिवशी मी त्यांच्या शब्दावर माझं मूल घेऊन पाण्यात उतरले होते. त्यापुढे आमसुलं म्हणजे काय?

सासूबाई गेल्यानंतर घरात दोन चुली झाल्या. भांडण म्हणून नव्हे, सोयीचं म्हणून. मधे एक भिंत आली, पण अंगण, विहीर आणि पुढची पडवी एकच राहिली. थोरले दीर वारले, त्यांचा मुलगा पनवेलला नोकरीला गेला, वहिनी एकट्या राहायला लागल्या. रातांबे आम्ही निम्मे निम्मे वाटून घेत होतो. त्या घरापुरती आणि जुन्या चार ओळखीच्या घरांपुरती आमसुलं करायच्या. मी मात्र काही वर्षांपूर्वी रस्त्याला टेबल मांडलं. काशीदला जाणाऱ्या गाड्या आमच्या फाट्यावरून जातात. आधी नारळ ठेवले, मग रातांब्याचं आगळ, मग आमसुलं. लोक थांबायला लागले, फोन करून मागवायला लागले. अंगणात मग दोन भाग झाले. विहिरीकडच्या बाजूला वहिनींच्या चटया, तुळशीकडच्या बाजूला माझ्या.

त्या वर्षी रातांबे चांगले लागले होते. विकतच्या रातांब्यांसकट माझ्या चौदा चटया पसरलेल्या होत्या, चार पुटं झाली होती, दोन-तीन राहिली होती. वहिनींच्या पाच चटया, तेवढ्याच पुटांवर. रोहिणी लागायलाही अजून चार-पाच दिवस होते. मला अलिबागला जायचं होतं. आमसुलांसाठी छापायला टाकलेल्या पिशव्या तयार होत्या. त्यांच्यावर पहिल्यांदाच माझं नाव आणि फोन नंबर येणार होता. सकाळी निघताना मी वहिनींना म्हटलं, "संध्याकाळपर्यंत येते. लक्ष ठेवाल ना?"

"जा तू," त्या म्हणाल्या.

अलिबागला कडक ऊन होतं. दुकानातून पिशव्या घेतल्या, रसवंतीत रस प्यायले. साधारण बाराच्या सुमाराला मनात आलं म्हणून फोन केला.

"वहिनी, आभाळ कसं आहे?"

"कसं असणार? स्वच्छ आहे."

"डोंगरावर काही?"

"काही नाही गं. सावकाश ये तू. घाईघाईत मिनिडोर रिक्षाच्या मागे धावू नकोस."

मी निवांत झाले. एका नातेवाइकांकडे जेवले, तिथे चहाही घेतला. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले होते. रेवदंड्यापर्यंत धुरळा उडत होता. पूल ओलांडला आणि समोरून येणाऱ्या गाडीचे वायपर चालू दिसले. पुढे कोर्लईच्या वळणावर रस्ता काळा झालेला, कडेच्या खड्ड्यांत पाणी. तरी मनात म्हटलं, वहिनी आहेत घरी.

फाट्यावर उतरून जवळजवळ पळतच घरी गेले. सर येऊन गेली होती, पागोळ्या अजून गळत होत्या. अंगणात लाल पाणी होतं. तुळशीपासून निघून, पायरीला वळसा घालून, पाटात चाललेलं लाल पाणी. माझ्या चौदाही चटया जिथल्या तिथे होत्या. काही सालं वाहून विहिरीच्या कठड्याशी अडकली होती. उरलेली चटईवर चिकटून बसलेली, फिकट, उकडल्यासारखी.

विहिरीकडची बाजू रिकामी होती. वहिनींच्या पाचही चटया पडवीत एकावर एक रचलेल्या होत्या. वर जुनं लुगडं झाकलेलं. मी लुगडं उचलून हात लावून बघितला. एकही थेंब नाही. वहिनी बाजूला पाटावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या.

"वहिनी," माझ्या तोंडून एवढंच आलं, "माझी?"

त्यांनी वर बघितलं नाही. "अचानक आला गं," त्या म्हणाल्या. "मला तरी कुठं कळतो पाऊस? हळूहळू जमेल."

ते वाक्य मला विचित्र वाटलं, पण त्या वेळी विचार करायला उसंत नव्हती. मी पदर खोचून सालं गोळा करायला लागले. त्या उठल्या नाहीत. अडकित्त्याचा आवाज मात्र चालू राहिला. संध्याकाळी नवरा कामावरून आला. त्याने पायरीवर बसून सगळं बघितलं आणि म्हणाला, "एक सर तर आहे. उद्या ऊन पडेल. दोन पुटं जास्त दे."

मलाही तेच वाटत होतं. डोंगराकडचा पाऊस होता, येऊन गेला होता. पण दिवेलागणीला वारा फिरला. समुद्राकडून एक जड, ओला वारा आला आणि त्याच्यामागून पाऊस. गडगडाट नाही, वीज नाही. एकसारखा, बारीक, न घाईचा पाऊस. आम्ही तिघंही पडवीत होतो. वहिनी समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या पुटपुटल्या, "हा नाही. हा आत्ता नाही." मग आत गेल्या.

तो पाऊस उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. बातम्यांत सांगत होते, पावसाळा इतक्या लवकर आला. माझ्या घरात दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांवर जुन्या साड्या, साड्यांवर सालं. पंखा चालू ठेवला तर लाइट जायची. चुलीवर फळ्या टाकून वाळवायला बघितलं तर धुराचा वास लागला. नवरा डोक्याला हात लावून म्हणाला, "या घरात चालायला जागा नाही." मी त्याच्यावर खेकसले आणि मग मोरीत जाऊन रडले. चौथ्या दिवशी पहिली पांढरी बुरशी दिसली. पाचव्या दिवशी सगळी आमसुलं घमेल्यात भरून माडांच्या बुंध्यात टाकून आले. छापून आणलेल्या पिशव्या कपाटावर तशाच राहिल्या. ज्यांना देते म्हटलं होतं त्यांना एकेक फोन करून सांगत बसले, या वर्षी नाहीत.

आमच्याकडे रातांबे फोडायला एक आगरी म्हातारी यायची. वयाने वहिनींपेक्षाही मोठी, दोघींचंही काम करायची. सर आली त्या दिवशी ती वाडीत मागच्या बाजूला बिया धूत होती. पाऊस जरा कमी झाला तेव्हा ती आपली कोयती न्यायला आली. मी दोऱ्या सोडत होते. ती उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "बाय, येक सांगू? रागावू नको."

"सांग."

"तवा मी हुती. दुपारचा जेवनबी झाला नव्हता. वारा पडला तशी तुझी जाव उठली नि चटया उचलाया लागली. मी बोलले, हिच्याबी उचलूया, मी हाय ना. तर बोलली, राहू दे. तिला सगला येतंय."

"पहिली चटई उचलली तेव्हा माझा फोन आला होता?"

"फोनवर बोलत हुती खरी. चटई खांबाला टेकवून बोलत हुती."

ती गेली आणि मी तिथेच दोऱ्यांच्या गुंत्यात बसून राहिले. न उचलणं एक वेळ समजलं असतं. माणूस झोपतं, विसरतं, वय झालेलं असतं. पण मी विचारलं होतं. नेमकं डोंगराचं नाव घेऊन विचारलं होतं, आणि समोर डोंगर काळा होत असताना, हातात स्वतःची चटई असताना, त्या म्हणाल्या होत्या, काही नाही गं, सावकाश ये. त्या आवाजात नेहमीचीच माया होती. ती मला जास्त लागली. तीस वर्षांत त्या आवाजाने मला जे जे सांगितलं होतं ते सगळं मी एकेक करून आठवायला लागले, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायला लागले, हे खरं होतं का?

मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. एक पडवी, एक विहीर, आणि बाहेर पाऊस. दोघींना बाहेर जायला जागा नाही. त्या पाणी शेंदायला आल्या की मी आत जायची. मी पडवीत आले की त्या उठायच्या. नवरा दोन्ही बाजूंनी समजूत घालायला बघत होता आणि दोन्हींकडून फटकारे खात होता.

मग एक दिवस पुण्याहून मुलीचा फोन आला. आमसुलांचं तिला कळलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, फोनचं, चटयांचं, म्हातारीचं.

"आई, काकूने तो व्हिडिओ बघितला होता. मीच पाठवला होता दिवाळीत. मला वाटलं तिला आवडेल."

"कुठला व्हिडिओ?"

मग मला आठवलं. आदल्या वर्षी मेमध्ये एक बाई गाडीतून उतरल्या होत्या, पुण्याकडच्या. टेबलावर आमसुलं बघून म्हणाल्या, तुम्ही करताना मी फोनवर शूट करू का? माझ्या अंगणात तासभर होत्या. वहिनी तेव्हा पनवेलला मुलाकडे गेल्या होत्या. नंतर तो व्हिडिओ पुष्कळ लोकांनी बघितला, त्यामुळेच फोन वाढले, त्यामुळेच पिशव्या छापायची वेळ आली. मी तो एकदाच बघितला होता, तोही माझी साडी बरी दिसते का एवढंच बघायला.

मुलीने परत पाठवला. मी दार लावून बघितला. मी त्यात रातांबे फोडत होते, पुट म्हणजे काय ते सांगत होते, आभाळ बघून चटया कधी उचलायच्या तेही सांगत होते. वारा पडला की दोन तास. अगदी त्याच शब्दांत. मग त्या बाईंनी विचारलं, "हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?" आणि मी कॅमेऱ्याकडे बघून जरा लाजून हसले आणि म्हणाले, "शिकवायचं काय त्यात? हळूहळू जमलं."

मी तसं का म्हणाले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. खोटं बोलायचं म्हणून नाही बोलले. कॅमेरा समोर होता, कुणी तरी पहिल्यांदाच मला काही विचारत होतं, आणि तेवढा एक तास ते सगळं माझं असावं असं वाटलं असेल. वहिनी तेव्हा माझ्या मनातसुद्धा नव्हत्या, आणि दोष असलाच तर तोच आहे.

त्याच दुपारी पडवीत गेले. वहिनी खाली बसल्या होत्या. समोर त्यांच्या पाच चटया उघडलेल्या. पाऊस लागला नव्हता, पण ऊनही मिळालं नव्हतं. सालांवर पांढरे ठिपके आले होते. त्या एकेक साल उचलून वास घेत होत्या आणि परत ठेवत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"मेमध्ये असं होत नाही," त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी ते कळलं नाही.

"वहिनी, मी फोन केला तेव्हा तुमच्या हातात चटई होती."

"कोण म्हणालं?"

"खोटं आहे का?"

त्यांनी हातातलं साल खाली ठेवलं. "नाही."

"आणि व्हिडिओ बघितला होतात तुम्ही."

"अकरा वेळा." त्यांनी पदराने बोटं पुसली. "पहिल्यांदा वाटलं, पुढे माझं नाव घेशील. म्हणून शेवटपर्यंत बघितला. मग वाटलं, मधे घेतलं असशील, माझंच लक्ष नसेल. म्हणून परत बघितला."

जे सुचलं ते रागाचंच होतं. "मग मला विचारायचंत. भांडायचंत. दिवाळीपासून मेपर्यंत माझ्या हातचा चहा पीत होतात, तेव्हा बोलला नाहीत. आमसुलं कशाला भिजवलीत?"

"भिजवली नाहीत. उचलली नाहीत."

"एकच ते."

"असेल." पाऊस पत्र्यावर वाजत होता, त्यामुळे मला जरा पुढे झुकून ऐकावं लागलं. "ठरवून नाही केलं. खरं सांगते. उचलायलाच उठले होते, तुझ्यासुद्धा. तेवढ्यात तुझा फोन आला. तू विचारलंस, डोंगरावर काही आहे का. मी शिकवलेलं मलाच विचारत होतीस. आणि तोंडातून गेलं, स्वच्छ आहे म्हणून. एकदा गेल्यावर मागे घेता येईना."

"दोन तास होते तुमच्याकडे."

"हो. दोन तास होते."

एवढं सरळ त्या कबूल करतील असं मला वाटलं नव्हतं. मी तयारी करून आले होते ती त्या नाकारतील याची.

"मला वाटलं तासाभराचा आहे," त्या म्हणाल्या. "डोंगराकडचा होता ना. एक-दोन पुटं धुऊन जातील. तू रडशील, चार दिवस बोलणार नाहीस, मग ऊन पडेल, परत पुट देशील. एवढंच होईल असं वाटलं. सगळं जाईल हे मनात नव्हतं. रोहिणी लागायची होती अजून. हा असा येऊन बसेल हे मला..." त्यांनी समुद्राकडे हात केला आणि तो तसाच खाली आला. "मला कळलं नाही."

हे त्या आधी एकदा मला टोमणा म्हणून बोलल्या होत्या. आता तसं बोलत नव्हत्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याकडे बघवेना.

मी म्हटलं, "व्हिडिओत मी चुकले."

"हो, चुकलीस."

मला वाटलं, आता त्याही तेच म्हणतील, मी चुकले. त्यांनी चटया आवरायला घेतल्या. मी मदत केली नाही. खरं तर करावीशी वाटली नाही. त्यांनी पाचही चटयांवरचं एका टोपलीत लोटलं आणि पावसातच वाडीत जाऊन टाकून आल्या. त्या परत येईपर्यंत मी उभी होते. भिजलेलं डोकं पुसत त्या माझ्या शेजारून आत गेल्या.

पुढे आम्ही बोलायला लागलो. दोन जावांना एका विहिरीवर किती दिवस अबोला धरता येतो? भाजी, गॅस, वीजबिल, मुलांची खुशाली. मी मुलीला सांगून दुसरा व्हिडिओ करायचं ठरवलं, त्यात सगळं नीट सांगणार होते. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "आता नको. आता माझ्या नावाला काय अर्थ? लोक हसतील." मी फार आग्रह केला नाही. आग्रह करायला हवा होता की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. व्हिडिओ काढणाऱ्या त्या बाईंना मात्र मी फोन करून सांगितलं की मला शिकवणारी माझी जाऊ आहे. त्या म्हणाल्या, हो का, छान, आणि पुढे काही झालं नाही.

श्रावणात खालच्या आळीतून निरोप आला. सत्यनारायण होता, अंगणात पंगत बसवावी का म्हणून विचारत होते. नेहमीसारखं "वहिनींना विचारा" म्हणून. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, "मोबाइलवर बघा म्हणावं. हल्ली त्यातच बरोबर असतं." निरोप घेऊन आलेला माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घालून धुणं पिळत राहिले. त्यानंतरही दोन-चार वेळा विचारणं आलं, मग बंद झालं.

त्या वर्षी पाऊस जसा लवकर आला तसा जातही नव्हता. दसरा झाला तरी दुपारी आभाळ भरून यायचं. दिवाळीनंतर सुपारी उतरवली. ती महिनाभर उन्हात घालायची असते. भिजली तर आतून काळी पडते आणि व्यापारी परत करतो. मी एका सकाळी अंगणात ढीग समोर घेऊन उभी होते. वारा समुद्राकडून होता, पण डोंगरावर एक करडी पट्टी दिसत होती. पूर्वी मी सांगितलं असतं, काही नाही, जाईल पुढे. आता खात्री वाटेना. फोनवर बघितलं तर तिथे अर्धा ढग आणि अर्धा सूर्य होता.

वहिनी घागर घेऊन विहिरीवर आल्या. मी विचारलं. राग गेला होता म्हणून नव्हे. तीस वर्षांची सवय होती, तोंडातून गेलंच.

"वहिनी, घालू का बाहेर?"

त्यांनी डोंगराकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघत होते. डोळे बारीक झाले, मान नेहमीसारखी किंचित वळली, ओठ हलले. मग त्यांनी मान खाली घातली आणि रहाटावर दोर सोडला.

"मला नको विचारूस," त्या म्हणाल्या.

घागर भरली, कमरेवर घेतली आणि गेल्या. मी निम्मी सुपारी बाहेर पसरली आणि निम्मी पडवीत ठेवली.